आळं कोण करणार?

दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, पहाटे नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गारठा जाणवायला लागला. अशा दिवसांत मला रेडिओवर बोलायला ‘शहरातली उद्यानं आणि नागरिकांचा सहभाग’ हा विषय दिला आहे. विषय मोठा आणि मिनिटं थोडी. म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. झाडाच्या आळ्यावर.

पावसाळ्यात आपल्याकडे स्वयंसेवकांना तोटा नसतो. 5 जूनचा पर्यावरण दिन झाला, की जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव येतो. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्न व शेतीमंत्री असताना, 1950 मध्ये त्यांनी तो सुरू केला. तेव्हापासून शाळा, कारखाने, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळं असे सगळे रोपं लावायला येतात. खड्डे तयार असतात, रोपं आलेली असतात, फोटो निघतात, चहा-वडा होतो. मी याला नावं ठेवत नाही. हौसेनं येतात, त्यांचं कौतुकच आहे. पण मला सांगा, आज, या आठवड्यात, त्यांतलं कोण त्या रोपाकडे जाऊन आलं?

बारशाला घर कसं भरतं, आठवा. घुगऱ्या वाटतात, आत्या कानात नाव सांगते, पाळणा म्हणतात. दुसऱ्या दिवशी पाहुणे आपापल्या घरी जातात. मग रात्री दोन वाजता उठायचं कुणी? लशीच्या डोसाची तारीख ध्यानात ठेवायची कुणी? वृक्षारोपण म्हणजे रोपाचं बारसं. बारसं जोरात केलं म्हणून मूल वाढत नाही.

नाशिकचा पाऊस जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरात एखादी सर आली तर आली. पुढे मेअखेरपर्यंत वरून जवळजवळ थेंब नाही. जुलैत लावलेल्या रोपाचा मरणकाळ पावसाळ्यात नसतो, तो फेब्रुवारी ते मे असतो. आणि त्या दिवसांत रोप तगणार की नाही, हे आत्ता ठरतं. जमीन अजून थोडी ओली आहे, खुरपं चालतं आहे. महिनाभरानं तीच माती दगड होईल.

आमच्या कॉलनीजवळच्या उद्यानात परवा एक करंज पाहिला. कमरेइतका, पानं तुकतुकीत. बुडाशी बसून पाहिलं तर आळं बुजलेलं, गवत रोपाच्या गुडघ्यापर्यंत आलेलं, गुटख्याच्या दोन पुड्या रुतलेल्या. काळ्या मातीला बोटभर भेग पडली होती, ती थेट मुळाशी जात होती. अशा ठिकाणी तुम्ही घागर ओतली तरी निम्मं पाणी गवत पितं आणि निम्मं वाहून वाटेवर जातं. माळीदादा रोज नळी धरून पाणी घालतात. पण एकेका माळ्याच्या वाट्याला इतकी झाडं असतात, की प्रत्येकाजवळ उकिडवं बसायला त्यांना वेळच मिळत नाही. ती बसण्याची वेळ तुम्ही-आम्ही द्यायची आहे.

आळं कसं करायचं, हे नाशिककरांना शिकवायला नको. अर्ध्या घरांचा मळ्याशी संबंध आहे. तरी एकदा सांगते, कारण शहरात येऊन आपण विसरलो आहोत. बुंध्यापासून हातभर अंतरावर गोल बांध घालायचा. आतलं गवत मुळासकट काढायचं, माती खुरप्यानं हलकी करायची, पण मुळं दुखवायची नाहीत. बुंध्याशी माती थोडी उंच, म्हणजे खोडाला पाणी लागून ते कुजणार नाही. उतार असेल तर खालच्या अंगाला अर्धचंद्रासारखा बांध पुरतो. मग त्यावर चार बोटं पालापाचोळा, खोडाला न टेकवता. पाणी आठवड्यातून एकदा-दोनदा, पण पोटभर. रोज शिंपडलेलं पाणी वरच्यावर राहतं, मुळं खाली जातच नाहीत. आणि काठी बांधलेली असेल तर सुतळी सैल करा. जुलैत बांधलेली सुतळी आता खोडात रुतायला लागलेली असते.

पालापाचोळ्याचं ऐका. थंडीत सकाळी उद्यानांच्या कोपऱ्यात, गल्लीगल्लीत पाचोळ्याला काडी लावतात. धूर आपल्या छातीत जातो आणि झाडाचं पांघरूण जळून जातं. उन्हाळ्यात जमिनीला भेग पडू नये म्हणून जे अंथरायचं, तेच आपण जाळतो. हे ज्यांच्या दारात होतं, त्यांनी आजपासून थांबवावं. वादावादी नको, टोपलं घ्या आणि पाचोळा आळ्यात नेऊन टाका.

हे नुसतं बोलणं नाही, नाशिकनं हे करून दाखवलं आहे. सातपूरजवळचा फाशीचा डोंगर घ्या. वनखात्याच्या जमिनीवर, ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेच्या पुढाकारानं, 5 जून 2015 रोजी नाशिककरांनी एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोपं लावली, तीही आपल्या मातीतली झाडं. आज आपण त्याला देवराई म्हणतो. त्या एका दिवसाची बातमी सगळीकडे झाली. पण देवराई उभी राहिली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यांत. पाणी घालणारे, गवत काढणारे, वणवा लागू नये म्हणून राखण करणारे स्वयंसेवक डोंगरावर येत राहिले, म्हणून. पुढे म्हसरूळलाही याच संस्थेनं वनराई केली.

बाहेरचंही उदाहरण देते. न्यूयॉर्कनं 2007 मध्ये दहा लाख झाडांची मोहीम सुरू केली आणि 2015 मध्ये ती पुरी केली. तिथला उद्यान विभाग नागरिकांना झाडाभोवतीची माती मोकळी करायला, आच्छादन घालायला, पाणी द्यायला शिकवतो. म्हणजे तिथंही गाडी शेवटी आळ्यावरच येते.

पुन्हा तेच सांगते, कारण मधूनच रेडिओ लावलेले कुणी असतील. नवं रोप लावायला नका जाऊ. लावलेल्या रोपाचं आळं करायला जा.

आपल्या महापालिकेचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. आपल्या विभागीय कार्यालयात जा, उद्यान विभागाची चौकशी करा, आम्ही पाचजण अमुक उद्यानातली वीस झाडं सांभाळतो असं लिहून द्या. न विचारता खणू नका, जमिनीखालून पाण्याचे पाइप आणि केबल गेलेले असतात. आणि माळीदादांना आधी भेटा. कोणत्या रोपाला आधार हवा, कुठं वाळवी आहे, हे त्यांना पाठ असतं. मुलाचं वजन अंगणवाडीत कार्डावर लिहितात ना? तसं झाडांचं एक कार्ड करा: कधी आळं केलं, कधी पाणी दिलं, किती वाढलं. तीन उन्हाळे. मूलही तीन वर्षांचं झालं की आपल्या हातानं जेवतं. झाडाची मुळं खोल गेली की तेही आपलं आपण पाणी शोधतं. मग तुम्ही मोकळे.

झाड तोडायचं तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं परवानगी लागते. ते तहानेनं वाळलं तर कुणी कुणाला जाब विचारत नाही. म्हणून ही राखण आपणच करायची. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्यापर्यंत बसवतात, त्याबद्दल बोलायचं होतं, खोडांना ठोकलेल्या खिळ्यांबद्दलही... पण काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे. ते पुन्हा कधीतरी.

एवढं मात्र कराच. येत्या रविवारी सकाळी घरातलं खुरपं शोधा, नातवंडांना बरोबर घ्या आणि जुलैत जे रोप लावलंत त्याच्याकडे जा. लावलं नसेल तर दुसऱ्यानं लावलेल्याकडे जा. गवत काढा, आळं करा, दोन बादल्या पाणी घाला आणि पुढच्या रविवारी पुन्हा जा.