जकात कोण भरतो?



दहिसरचा जकात नाका आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला आणि मुंबईची जकात बंद झाली. तोवर आमच्या वसई-विरारकडून मुंबईत शिरणाऱ्या मालमोटारींची तिथे लांबच लांब रांग लागे. ड्रायव्हर खिडकीपाशी जाऊन पैसे भरी, पावती घेई आणि पुढे निघे. त्या दिवसांत मी वर्गात मुलांना विचारत असे, "ही जकात भरली कोणी?" एक म्हणे, "ड्रायव्हरने." दुसरा म्हणे, "मालकाने." मागच्या बाकावरचा एखादा हुशार मुलगा म्हणे, "सर, शेवटी गिऱ्हाईकच भरतं की!"

या तिसऱ्या मुलाला मी शाबासकी देई, पण पूर्ण गुण देत नसे. पावती एकाच्या नावाची आणि ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर, हे त्याने बरोबर ओळखले होते. मात्र ते ओझे दर वेळी गिऱ्हाइकाच्याच डोक्यावर जाते असे नाही. समजा, उद्या केळ्यांच्या डझनामागे दोन रुपये कर बसला. गिऱ्हाईक म्हणेल, "राहू द्या, आज पेरू घेतो." बागाईतदाराला मात्र तसे म्हणता येत नाही. घड पिकत आला आहे, परवा तो काळा पडेल. तेव्हा ते दोन रुपये तो मुकाट्याने स्वतःच्या भावातून सोडतो. हाच कर औषधावर बसला तर? आजाऱ्याला थांबता येत नाही, म्हणून तो आजारी भरतो. सांगावयाचे ते इतकेच, की व्यवहारात ज्याला थांबता येत नाही आणि दुसरीकडे जाताही येत नाही, त्याच्याकडे ओझे घरंगळत जाते.

हल्ली वर्तमानपत्रांत 'टॅरिफ' हा शब्द रोज येतो. घाबरण्याचे कारण नाही. ती आपली जकातच. फक्त नाका दहिसरऐवजी देशाच्या बंदरावर. वसईला तर ही गोष्ट जुनीच आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्या तहात असे एक कलम होते, की तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईहून निघावे आणि परतताना वसईलाच येऊन जकात भरावी. समुद्रात पोर्तुगीजांचे आरमार. दुसरीकडे जाणार कुठे? शिक्षक मित्रांनो, किल्ल्यावर सहल नेता तेव्हा बुरुजांबरोबर हे कलमही मुलांना जरूर सांगा.

आता जरा अलीकडे या. १८९६ साली इंग्रज सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि तेवढाच कर हिंदी गिरण्यांच्या कापडावरही लादला. का? तर लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची तक्रार राहू नये म्हणून! पुढे पहिल्या महायुद्धानंतर जपानी कापड आले, मुंबईच्या गिरण्यांना मंदी लागली. १९२५ मध्ये मालकांनी हिशेब केला. कर सरकार सोडीना, कापडाचा भाव वाढवावा तर जपानी माल स्वस्त. राहिले कोण? कामगार. त्याच्या पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर झाली. पाहा, कर कापडावरचा, मागणी लँकेशायरची आणि कपात परळ-लालबागच्या चाळीत!

पण पुढे जे झाले ते फार बोलके आहे. सप्टेंबरात सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. त्यांतले पुष्कळ जण सरळ कोकणात आपापल्या गावी निघून गेले. गावी भाताचे खाचर होते, भाऊबंद होते, दोन वेळची पेज तरी होती. म्हणजे त्यांना थांबता आले. दोन महिन्यांहून अधिक काळ गिरण्या बंद राहिल्या. डिसेंबर १९२५ मध्ये सरकारने तो कर स्थगित केला, आणि मालकांनी कपात मागे घेतली. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या प्रसंगाला दोन ओळी मिळतात. मला त्या थोड्या वाटतात.

कांदेवाल्या शेतकऱ्यांना हे मी शिकवायला नको. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावले आणि लासलगावचे लिलाव निषेधाने बंद पडले. ज्याच्याकडे कांदाचाळ होती तो काही आठवडे थांबला. ज्याचा कांदा उघड्यावर होता, त्याने मिळेल त्या भावाने दिला.

इथे कोणी विचारील, की गुरुजी, याचा शेअर बाजाराशी काय संबंध? तिथे ना केळी पिकतात, ना कांदा सडतो. बरोबर. पण २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जगभरच्या मालावर नव्या जकाती जाहीर केल्या, भारतावर २६ टक्के. आणि ७ एप्रिलला मुंबईचा सेन्सेक्स, म्हणजे तीस मोठ्या कंपन्यांच्या भावांचा निर्देशांक, एका दिवसात २,२२६ अंकांनी कोसळला. त्या दिवशी २६ टक्क्यांची एक पैसुद्धा कोणी भरलेली नव्हती! मग पडझड कशाची? शेअरचा भाव म्हणजे कंपनी पुढे किती कमावील याचा आजचा अंदाज. जकात उद्या बसणार असली, तरी अंदाज आजच बदलतो. त्यात ९ एप्रिलला अमेरिकेने बहुतेक देशांवरची वाढ नव्वद दिवस पुढे ढकलली, आणि १५ एप्रिलपर्यंत आपला सेन्सेक्स २ एप्रिलच्या वर जाऊन बसला.

मग काहीच झाले नाही म्हणायचे का? माझ्या ओळखीचे दोन शिक्षक आहेत. दोघांचेही थोडे पैसे म्युच्युअल फंडात, एकाच योजनेत. एकाला १० एप्रिलला घराच्या नोंदणीचे पैसे भरायचे होते. त्याने ७ तारखेला विकले आणि तोटा पदरात घेतला. दुसऱ्याने त्या आठवड्यात वर्तमानपत्रच उघडले नाही. पहिला मूर्ख नव्हता आणि दुसरा शहाणा नव्हता, बरं का! एकाला थांबता आले नाही, एवढेच. आणि ज्यांना वाटते की आपला बाजाराशी संबंध नाही, त्यांनी हेही लक्षात घ्यावे, की राष्ट्रीय पेन्शन योजनेतल्या पैशांचाही काही भाग शेअरांतच असतो.

खरी जकात आली ती पुढे, ऑगस्टमध्ये. ७ ऑगस्टपासून भारताच्या मालावर २५ टक्के आणि रशियाचे तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५, असे मिळून ५० टक्के. दोनच दिवसांनी, २९ तारखेला, डॉलरची किंमत प्रथमच ८८ रुपयांच्या वर गेली. रुपया उतरला की बाहेरचा माल महागतो. आणि आपल्या कढईतले निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. जिला अमेरिकेचा नकाशाही ठाऊक नाही, त्या आजीच्या फोडणीपर्यंत ही गोष्ट अशी पोचते.

आमच्याकडे मात्र ती आणखी जवळून आली. अंधेरीला १९७३ साली सुरू झालेले सीप्झ आहे. तिथे जडावाचे दागिने होतात आणि त्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे अमेरिका. या धंद्यातले कितीतरी कारागीर विरार, नालासोपारा, वसईला राहतात आणि पहाटेची लोकल धरतात. तिकडच्या बाईने नाताळची अंगठी घेतली नाही तर तिचे काही अडत नाही. इकडच्या कारागिराला दुसरे काम येत नाही, आणि त्याच्या गावी आता भाताचे खाचरही उरलेले नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर माझा एक विद्यार्थी भेटायला आला. वडील दागिन्यांच्या एका कारखान्यात; आठवड्याचे सहा दिवस काम होते, ते चारवर आले होते. फी दोन हप्त्यांत भरली तर चालेल का, असे तो विचारत होता. फेब्रुवारी २०२६ मध्ये ती जकात खाली आणण्याची घोषणा झाली, तेव्हा बाजाराने दुसऱ्याच दिवशी उसळी घेतली. त्याच्या वडिलांचे दोन दिवस परत मिळाले का, हे विचारायला मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावले. तो म्हणाला, "सर, एक मिळालाय."