गांवच्या शाळेंतील हवाई छात्रपथक

शहापूर हें भंडारा शहराच्या पश्चिमेस, नागपूरकडून येणाऱ्या राष्ट्रीय हमरस्त्यावरील एक गांव. जवळच जवाहरनगरचा दारूगोळ्याचा कारखाना आहे, आणि हा सारा जिल्हा तलावांचा व धानाच्या बांध्यांचा. पश्चिमेस साठसत्तर किलोमीटरांवर नागपूरचा सोनेगांव विमानतळ आणि पूर्वेकडे गोंदियाजवळ बिरसीचा विमानतळ, अशा दोन विमानतळांच्या मध्यें हा मुलूख पडतो. विमानाचा आवाज कानीं पडला कीं शाळकरी मूल वर पाहतें. परंतु तें विमान कशानें उडतें, तें कोण चालवितो, आणि त्याच्याशीं आपला कधीं संबंध येऊं शकेल काय, हें त्याला सांगणारा कोणी बहुधा भेटत नाहीं. अशा ठिकाणीं विमानदलाचें छात्रपथक चालवावयाचें झाल्यास तें कोणाच्या बळावर चालेल, या प्रश्नाचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. छात्रपथक म्हणजे सैन्यभरती नव्हे. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालीं १९४६ सालीं नेमलेल्या समितीनें शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठीं राष्ट्रव्यापी छात्रसंघटना असावी अशी शिफारस केली. तिला अनुसरून १९४८ सालीं राष्ट्रीय छात्रसेनेचा, म्हणजे सर्वजण जिला एनसीसी म्हणून ओळखतात त्या संघटनेचा, कायदा झाला. छात्रसेनेंत नांव घातल्यानें कोणावरही प्रत्यक्ष युद्धसेवेचें बंधन येत नाहीं, हें त्या कायद्यांतच स्पष्ट केलेलें आहे. हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजीं निघाली. प्रारंभीं मुंबईस एक व कलकत्त्यास एक अशीं दोनच पथकें होतीं. आज महाराष्ट्रांत मुंबई, पुणें व नागपूर येथें हवाई पथकांचीं ठाणीं आहेत, आणि भंडारा जिल्ह्याला त्यांतलें जवळचें ठाणें अर्थात् नागपूरचें.

ही कल्पना मुळांत सरकारी कचेरींत जन्मलेली नाहीं, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. इंग्लंडांत १९३८ सालीं, युद्धाचें सावट पडलेलें असतांना, एअर कमोडोर चॅमियर यांच्या पुढाकारानें एअर लीग या बिनसरकारी संस्थेनें मुलांचीं हवाई पथकें काढलीं. गांवोगांवच्या लोकांनीं वर्गण्या जमविल्या, जागा मिळविल्या, आणि शिक्षकांनीं व जुन्या सैनिकांनीं संध्याकाळचा वेळ दिला. फेब्रुवारी १९४१ मध्यें सरकारनें याच पायावर एअर ट्रेनिंग कोअरची उभारणी केली. तेथील प्रत्येक पथकामागें गांवच्या नागरिकांची एक समिती असते. पैसा, जागा व देखरेख यांची काळजी ती वाहते, आणि कवाईत व शिक्षण पथकाचे अधिकारी पाहतात. अमेरिकेंतही डिसेंबर १९४१ मध्यें स्थापन झालेल्या सिव्हिल एअर पॅट्रोलनें पुढच्याच वर्षीं तरुणांची शाखा काढली. विमान सरकारचें असलें तरी पथक गांवाचें असावें लागतें, हाच या इतिहासाचा बोध होय.

आपल्याकडील व्यवस्थेंत तीन हात एकत्र येतात. गणवेश, वायुदलाचे प्रशिक्षक व विमानें हीं सरकारकडून मिळतात. मैदान व खोली शाळा देते. उरलें तें नित्याचें काम, आणि तें एका शिक्षकाच्या अंगावर पडतें. हा सहयोगी अधिकारी शाळेचाच नोकर असतो. पुरुष शिक्षकांस नागपूरजवळ कामठी येथें व स्त्री शिक्षकांस ग्वाल्हेर येथें शिक्षण घ्यावें लागतें. त्यानंतर त्यांना गणवेश व हुद्दा मिळतो. मानधन मिळतें, परंतु तें अल्प. दिवसभर गणित किंवा विज्ञान शिकवून झाल्यावर कवाईत घ्यावयाची, हजेरी ठेवावयाची, पालकांचीं संमतिपत्रें गोळा करावयाचीं, आणि सुटींत इतर शिक्षक आपापल्या घरीं गेले असतां दहा दिवसांच्या शिबिरांत मुलांबरोबर राहावयाचें, हें सर्व कोणी केवळ हुकमानें करीत नाहीं. कागदोपत्रीं त्याला कांहींही म्हणोत, तो वास्तविक स्वयंसेवकच असतो.

सक्ती आणि स्वेच्छा यांतील भेद या देशानें एकदां अनुभवलेला आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ सालीं, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस छात्रसेना सक्तीची करण्यांत आली. हेतु चांगला होता. परंतु संख्या एकदम फुगली कीं तेवढे अधिकारी, तेवढीं साधनें व तेवढी आस्था कोठून आणावयाची? १९६८ सालीं छात्रसेना पुन्हां ऐच्छिक झाली. जो मुलगा स्वतः होऊन पहाटे मैदानावर येतो, त्याला शिस्त शिकवावी लागत नाहीं, ती फक्त दाखवावी लागते. ज्याला ढकलून आणलें, तो हजेरी संपण्याची वाट पाहतो. शिक्षकाच्या बाबतींतही हेंच खरें आहे. मुख्याध्यापकांनीं कनिष्ठ म्हणून एखाद्याच्या गळ्यांत हें काम अडकविलें, तर पथक नोंदवहींत जिवंत राहील आणि मैदानावर मरेल.

परंतु स्वेच्छेवर चालणाऱ्या कामाला एक मोठा धोका असतो, आणि तो म्हणजे एकाच माणसावरचा भार. उत्साही शिक्षक आला कीं पथक उभें राहतें. त्याची बदली झाली, तो आजारी पडला, किंवा निवृत्त झाला, कीं कपाटांतील गणवेशांस कसर लागते. यावर उपाय दोन. पहिला हा कीं, पहिल्या दिवसापासून दुसरा शिक्षक तयार करीत जावें; कामाची कोणतीही गोष्ट अशी असूं नये कीं जी एकट्यालाच ठाऊक आहे. दुसरा उपाय म्हणजे गांवचें मंडळ. शहापूरसारख्या ठिकाणीं त्याला माणसांचा तोटा पडूं नये. सैन्यांतून निवृत्त झालेले जवान, कारखान्यांत आयुष्यभर यंत्रें हाताळलेले कारागीर, औद्योगिक शिक्षणसंस्थांतील निदेशक, एखादा डॉक्टर, आणि मुलांच्या मातांपैकीं दोघीतिघी, एवढे मिळाले तरी पुष्कळ झालें. सुतारकाम जाणणारा मनुष्य विमानाच्या प्रतिकृतीच्या कामीं पदवीधराहून अधिक उपयोगी पडतो.

येथें मात्र अत्यंत कडक असलें पाहिजे. गणवेशाला मान असतो, आणि त्या मानाच्या आड गैरवर्तन लपूं शकतें. म्हणून मदतीस येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी शाळेनें रीतसर करावी. कोणीही मोठा मनुष्य एखाद्या मुलाबरोबर एकांतांत राहणार नाहीं असा नियम असावा. मुली असतील तेथें स्त्री अधिकारी असावी. शिक्षा म्हणून मारहाण, उन्हांत उभें करणें किंवा अपमान यांस पूर्ण बंदी असावी. आणि तक्रार करावयाची झाल्यास ती पथकाबाहेरच्या कोणाकडे करावी, हें मुलांना पहिल्याच दिवशीं सांगितलें जावें. चांगल्या स्वयंसेवकाला या नियमांचा राग येत नाहीं. ज्याला येतो, त्याला कामावर न घेणेंच बरें.

आतां विमान जवळ नसतांना शिकवावयाचें काय? पुष्कळांची समजूत अशी कीं, विमानाशिवाय हवाई पथक म्हणजे घोड्याशिवाय घोडदळ. परंतु विमानविद्येचा मोठा भाग जमिनीवरच शिकावयाचा असतो. वजन खालीं ओढतें आणि पंखांचा उठाव वर नेतो. यंत्राचा जोर पुढें ढकलतो आणि हवेचा विरोध मागें खेचतो. या चार बलांचा मेळ म्हणजे उड्डाण. हें पुठ्ठ्याच्या किंवा बाल्सा लांकडाच्या लहानशा ग्लायडरनें दाखवितां येतें. नाक हलकें असलें तर ग्लायडर वर तोंड करून कोसळतो. नाकाला थोडी माती लावली कीं सरळ जातो. अधिक लावली कीं खालीं जातो. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, अंतर मोजावें, वहींत लिहावें आणि मग पुन्हां फेंकावें, ही संवय ज्याला लागली, त्याच्या हातीं विज्ञानाची किल्ली आली. छात्रसेनेच्या अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरांत विमानांच्या प्रतिकृतींच्या स्पर्धा होतात. त्यांची पूर्वतयारी गांवच्या शाळेंतील बाकावर होऊं शकते.

तीच गोष्ट हवामानाची. वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी, पर्जन्यमापक व तापमापक एवढ्या साधनांवर रोजची नोंद ठेवतां येते. १९४९ पासून १९७३ पर्यंत टपालाचीं विमानें दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून रात्रीं निघून सोनेगांवीं एकत्र येत आणि पिशव्यांची अदलाबदल करून परत जात. तीं वेळेवर पोंचावयाचीं तर वैमानिकाइतकाच हवामान पाहणारा, संदेश घेणारा आणि यंत्र तपासणारा मनुष्य महत्त्वाचा होता. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुरानें भंडारा शहरांत व खेड्यांत पाणी शिरलें, तेव्हां पावसाची नोंद, नकाशावाचन, प्रथमोपचार आणि निरोप अचूक पोंचविणें या गोष्टींची किंमत सर्वांनाच कळली. हवाई पथकांत याच गोष्टी शिकावयाच्या असतात.

वेळापत्रकही गांवाचें असावें. रोवणीच्या दिवसांत व धान कापणीच्या वेळीं मुलें शेतावर असतात. त्या आठवड्यांत कवाईत ठेवून गैरहजेरीबद्दल नांव कापणें म्हणजे नेमकीं कष्टाळू घरांतील मुलें वगळणें होय. परीक्षेस बसण्यासाठीं ठराविक हजेरी लागते हें खरें. म्हणूनच वर्षाचा आराखडा जून महिन्यांतच पालकांपुढें ठेवावा.

यानंतर सर्वांत नाजूक प्रश्न, उड्डाणाचा. देशांतील छात्रसैनिकांची संख्या दहा लाखांहून अधिक. आणि २०१५ सालीं झालेल्या करारांतील १९४ हलक्या विमानांपैकीं छात्रसेनेच्या वांट्याचीं विमानें ११०. हवाई शाखेंतील मुलें एकंदर संख्येचा लहानसा भाग असलीं, तरी प्रत्येकाच्या वांट्याला पुरेसें उड्डाण येणें शक्य नाहीं, हें उघड आहे. तेव्हां भरतीच्या दिवशीं निळ्या आकाशाचीं चित्रें दाखवून मुलें गोळा करणें ही फसवणूक होईल. ज्याला उड्डाणाची संधी मिळेल त्याची निवड कशी होईल, हें आधीं सांगावें आणि त्याप्रमाणेंच करावें. सरपंचाचा मुलगा म्हणून कोणी पुढें जाऊं नये. धोकाही लपवूं नये. १८ मार्च २०२३ रोजीं बिरसीहून निघालेलें एका शिक्षणसंस्थेचें विमान बालाघाट जिल्ह्यांत कोसळलें आणि शिक्षक व विद्यार्थिनी दोघेही मृत्यू पावले. तें छात्रसेनेचें विमान नव्हतें. पण अशी बातमी घरीं वाचलेल्या मातेला खरें उत्तर मिळण्याचा अधिकार आहे. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीं तिच्याशीं बसून बोलणें हें अधिकाऱ्याचें पहिलें कर्तव्य होय.

पुढील आयुष्याबद्दलही असेंच खरें बोलावें. महाविद्यालयीन शिक्षणांत हवाई शाखेचें 'सी' प्रमाणपत्र मिळविणाऱ्यांसाठीं वायुदलाच्या उड्डाण शाखेंतील अधिकारभरतींत दहा टक्के जागा राखलेल्या असतात. परंतु दृष्टि, आरोग्य व निवड यांच्या कसोट्या कोणालाही चुकत नाहींत. डोळ्यांच्या दोषामुळें ज्याची वैमानिक होण्याची आशा सुटते, त्याला वायुदलांत विमान उडविणाऱ्यांपेक्षां तें सांभाळणारेच संख्येनें अधिक असतात, हें समजावून द्यावें. वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचें मुख्य ठाणें तर नागपुरांतच आहे. आणि खेड्यांतील मूल फार वर जाऊं शकत नाहीं असें कोणी म्हणेल, तर २०२१ सालीं वायुदलाचे प्रमुख झालेले विवेक राम चौधरी यांचें मूळ गांव नांदेड जिल्ह्यांतील एक खेडेंच आहे, हें सांगावें. मुलींच्या पालकांनाही सांगण्यासारखें आहे. जून २०१६ मध्यें अवनी चतुर्वेदी, भावना कंठ व मोहना सिंह या तिघी लढाऊ विमानांच्या पहिल्या स्त्री वैमानिक म्हणून दलांत दाखल झाल्या.

राहतां राहिला पैसा. सरकारमान्य पथकांत मुलांना गणवेश व शिक्षण फुकट मिळतें. परंतु नागपूरला जाण्याचें भाडें, प्रतिकृतींचें साहित्य, कवाईतीनंतरचा अल्पोपहार असे खर्च उरतातच. नवीं पथकें मागणाऱ्या शाळा पुष्कळ असल्यानें वाट पाहावी लागते, आणि संस्थेनें स्वतःच्या खर्चानें पथक चालविण्याचीही एक योजना आहे. त्या योजनेंत खर्चाचा बोजा पालकांवर ढकलला गेला, तर मजुराचें मूल बाहेर राहील आणि सुस्थितींतील घरांचेंच पथक होईल. म्हणून जमाखर्चाचा कागद दर महिन्यास शाळेच्या फलकावर लावावा, आणि पैशाअभावीं एकही मूल परत जाणार नाहीं, एवढें मंडळानें आधीं ठरवावें.

मंजुरी येईपर्यंत स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. शाळेनें छात्रसेनेच्या नागपूर येथील कचेरीकडे अर्ज करावा, कामठीस किंवा ग्वाल्हेरीस जाण्याची मनापासून तयारी असलेला शिक्षक किंवा शिक्षिका हेरावी, आणि तोंवर आठवड्यांतून एकदां भरणारें साधें विमानविद्या मंडळ सुरू करावें. त्याला ना गणवेश लागतो, ना हुद्दा. पुठ्ठा, कात्री, मोजपट्टी, एक वही आणि ठरल्या वेळीं न चुकतां येणारीं दोन मोठीं माणसें एवढें पुरे होतें. हीं दोन माणसें वर्षभर टिकलीं, तर पथक मंजूर झाल्यावर तें टिकेल किंवा नाहीं याची काळजी गांवाला फारशी करावी लागणार नाहीं.