जुनी व्हॅन घ्यायची का?

आमचा 12 जणींचा गट पापड, कुरडया, शेवया करतो. माल आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या बाजारी जातो, 28 किलोमीटर. टेम्पोवाला फेरीचे 700 रुपये घेतो. दिवाळीच्या तोंडावर तो आलाच नाही. भरलेली पोती घेऊन आम्ही दहा वाजेपर्यंत पारावर बसलो आणि माल परत घरी नेला. त्याच रात्री सगळ्या म्हणाल्या, आता आपली गाडी पाहिजे.

शेजारच्या गावात एक ओम्नी विकायला होती. 2011 सालची, किंमत 1 लाख 10 हजार. गटाकडे होते 1 लाख 60 हजार. आम्ही हुरळलोच.

पहिल्या दिवशी गाडी एका हाकेला सुरू झाली. पण आमच्यातल्या एकीचा भाऊ गॅरेजात काम करतो, तो म्हणाला, इंजिनाला हात लावून बघा. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली तर ते गरम! आम्ही येणार म्हणून आधीच चालवून ठेवलेलं. मग दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी सहाला गेलो. गाडी तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झाली, मागून निळसर धूर. म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पायाखालचं मॅटिंग उचललं तर पत्रा गंजलेला. मागे गॅसची टाकी बसवलेली, पण आरसी बुकात तिची नोंदच नाही. अशी गाडी पेटली तर विमावाले हात वर करायला मोकळे.

बुक नीट वाचलं तेव्हा आणखी कळलं. बँकेचा बोजा अजून चढलेला होता. मालक म्हणाला, कर्ज कधीच फेडलंय. फेडलं असेल, पण बँकेचा दाखला आणून बोजा उतरवल्याशिवाय गाडी आपल्या नावावर होत नाही. शिवाय पाटी पांढरी, म्हणजे खासगी. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे 2026 ला पुन्हा तपासणी आणि फी. धंद्याचा माल न्यायचा तर पिवळी पाटी लागते, आणि गाडी आठ वर्षांच्या पुढची असली की दरवर्षी फिटनेस.

तरी निम्म्या जणी म्हणत होत्या, किंमत पाडून घेऊ. मग आक्कांनी हिशोबाची वही काढली. जाऊन येऊन 56 किलोमीटरला चार लिटर पेट्रोल, सव्वाचारशे रुपये. ड्रायव्हरचे 300. झाले सव्वासातशे! टेम्पोपेक्षा जास्त, आणि यात विमा, टायर, दुरुस्ती धरलेलीच नाही. "आणि पेरणीला कुणाला दहा हजार लागले, तर गाडीचं चाक काढून देणार का?" असं आक्कांनी विचारलं तेव्हा कुणी बोललं नाही. गटाचे पैसे खरे तर त्याचसाठी साठवलेले.

ती व्हॅन आम्ही घेतली नाही. पण पारावरची सकाळही विसरलो नाही. आता दुसऱ्या टेम्पोवाल्याशी महिन्याचं बोलणं केलंय, आला नाही तर पुढची फेरी फुकट, असं कागदावर लिहून. आणि ड्रायव्हरचे 300 वाचले तर हिशोब बदलतो, म्हणून आमच्यातल्या दोघींनी शिकाऊ लायसन्स काढलंय. त्यातली एक 46 वर्षांची आहे. क्लच सोडताना गाडी अजून बंद पडते तिची.