सूत्र एक, पदार्थ अनेक



जामनेरच्या या परिषदेत ऑक्साइडच्या पातळ थरांविषयी मला एकच मुद्दा मांडायचा आहे. ऑक्साइडचे रासायनिक सूत्र लिहिले म्हणजे पदार्थ सांगून झाला, असे होत नाही. त्याचा पृष्ठभाग कसा घडला हेही सांगावे लागते. तांब्याच्या तारेची वाहकता काढताना पृष्ठभागावरचे अणू सोडून दिले तरी गणित बिघडत नाही. टिन ऑक्साइडचे तसे नाही. तो हवेत तापवला की ऑक्सिजन त्याच्या कणांना चिकटतो, आतले इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि सुमारे ३ नॅनोमीटर खोलीपर्यंतचा भाग रिता करतो. संशोधक यामाझोए आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले की टिन ऑक्साइडच्या वायुसंवेदकात कणाचा आकार ६ नॅनोमीटरच्या आसपास आला की वायूला मिळणारा प्रतिसाद झपाट्याने वाढतो. दोन्ही बाजूंचे रिते भाग तिथे एकमेकांना भिडतात आणि कणाला पृष्ठभागापासून वेगळे असे पोट उरत नाही.

याचा पुरावा आपल्या खानदेशातही आहे. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात प्रा. एल. ए. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडचे थर स्क्रीन प्रिंटिंगने छापले, भाजले आणि त्यांतले काही मग धातूच्या संयुगाच्या द्रावणात ठरावीक वेळ बुडवून पुन्हा भाजले. हे थर जाड होते, पण पृष्ठभागाचा नियम तोच. २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत क्रोमियम ऑक्साइडने संस्कारित थर अमोनिया ओळखतो, तर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड मिसळलेला इथेनॉलला प्रतिसाद देतो. मूळ पदार्थ एकच होता. जोडीचे ऑक्साइड बदलले आणि गुणधर्म बदलला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: अतिनिर्वात यंत्रणा नसलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयाने पृष्ठभागाच्या गोष्टी कराव्यात का? उत्तर सर्वोत्तम यंत्रणा असलेल्यांच्या अनुभवातच आहे. २००४ मध्ये ओहतोमो आणि ह्वांग या संशोधकांनी लँथेनम अ‍ॅल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट या दोन विद्युतरोधकांच्या सांध्यातून वीज वाहते, हे दाखवले. २००६ मध्ये आढळले की वरचा थर तीन एकक-कोशिकांचा असला तर सांधा रोधक राहतो आणि चार झाल्या की वाहक होतो. तरीही ही वीज वाहणारे इलेक्ट्रॉन ध्रुवीय स्तरांमुळे येतात की थर वाढवताना निसटलेल्या ऑक्सिजनमुळे, हा वाद वर्षानुवर्षे चालला. तो लढला गेला तो ऑक्सिजनचा दाब आणि नंतरचे तापवणे यांच्या नोंदींवर. या नोंदी ठेवायला महागडे यंत्र लागत नाही, शिस्त लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फवारणीने किंवा रासायनिक स्नानाने बनवलेला थर खडबडीत, अनेक स्फटिककणांचा असतो. त्याला आदर्श पृष्ठभागाचे भौतिकशास्त्र कसे लावणार? जसेच्या तसे लावता येत नाही, हे मान्य. पण वायुसंवेदकात काम करतो तो कणांमधला सांधाच. खडबडीतपणा लपवला तर ज्यामुळे उपकरण चालते तेच आपण लपवले. आणि नोंद केली नाही म्हणून चल राशी कमी होत नाहीत. त्या फक्त पुढच्या संशोधकाच्या माथी जातात.

या मुद्द्याची कसोटी आपल्याच जिल्ह्यात लागू शकते. जळगावची केळी रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीनवर पिकतात आणि तिथली हवा दमट ठेवावी लागते. कोरड्या हवेत इथिलीन ओळखणारा थर तिथे फसू शकतो, कारण पाण्याची वाफही त्याच पृष्ठभागावर जागा अडवते. म्हणून माझी मागणी साधी आहे: आपल्या प्रत्येक प्रबंधात प्रतिसादाच्या आकड्याशेजारी भाजण्याचे तापमान, बुडवण्याचा वेळ, हवेची आर्द्रता आणि काही महिन्यांनी घेतलेले फेरमापन असलेच पाहिजे. एवढे नसेल, तर तो आकडा त्या थराच्या त्या दिवसाचा ठरतो, पदार्थाचा नव्हे.