खाजणाचा बांध आणि ताटातला भात



हवामानबदलाचा विषय निघाला म्हणजे ध्रुवप्रदेशातील बर्फाची चर्चा फार होते. गोमंतकात मात्र या प्रश्नाचे माप खाजणाच्या बांधावरच घेता येते. मांडवी आणि जुवारी यांच्या भरतीच्या टापूत चिखल, पेंढा व जांभा दगड यांचे बांध घालून पूर्वजांनी खाऱ्या पाण्याखालची जमीन भातशेतीस आणली. गोव्यातील खाजणांचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर मानले जाते.

या शेतीचे मर्म मानशीत आहे. मानस म्हणजे बांधातील लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने झडप मिटते. ओहोटीला ती उघडते आणि शेतातील जादा पाणी नदीत जाते. पावसाच्या पहिल्या सरी मातीतील मीठ धुऊन नेतात, मग पेरणी होते. कोरगुट हे भात बराच क्षार सोसते. ही सारी रचना समुद्राची ठरलेली पातळी आणि पावसाची ठरलेली वेळ या दोहोंच्या भरवशावर उभी आहे.

हे दोन्ही भरवसे आता डळमळू लागले आहेत. जगातील समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. पातळी चढली की मानशीला पाणी सोडण्यास मिळणारा ओहोटीचा वेळ घटतो आणि एका दिवसात कोसळलेला पाऊस शेतातच तुंबतो. उलट, पेरणीनंतर पावसाने दडी मारली तर तळचे मीठ वर येऊन कोवळी रोपे करपतात. उष्णतेचा घाव निराळाच. फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंशांपलीकडे गेले तर दाणा पोचट राहतो. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या नोंदींवरून २००४ साली असे दिसून आले, की कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान एका अंशाने वाढल्यास उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटते.

तथापि, सारा दोष समुद्राच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. १५१० मध्ये पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून बांधांची राखण गावकरी ही संस्था करीत असे. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय मिळाला, हे योग्यच झाले. परंतु बांधांची जबाबदारी पुढे कूळ संघांकडे आली आणि अनेक गावांत ती नेमकी कोणी पार पाडावयाची, हेच धूसर झाले. मासळीसाठी मानशीची पावणी होते. मासे अधिक मिळावेत म्हणून दार अवेळी उघडे राहिले, की एकाचा नफा अनेकांच्या शेतात मीठ होऊन शिरतो. असे शेत पडीक पडते, आणि पेजेच्या तांदळासाठी परप्रांताकडे पाहावे लागते.

जुने गोवे येथील केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान’ मालिकेतील क्षारसहिष्णु वाण दिले आहेत. त्यांचे मोल मोठे आहे. परंतु वाण मीठ सोसते, समुद्र सोसत नाही. त्यासाठी बांधच हवा.

लोकाश्रयावर शंभर वर्षे चाललेल्या या ग्रंथालयाच्या वाचकांना सामायिक ठेव्याची राखण म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. बांध कोण पाहणार, मानशीवर देखरेख कोणाची आणि खर्चाचा वाटा कोणी उचलावयाचा, हे खाजण असलेल्या प्रत्येक गावाने वैशाखातच ठरवून टाकावे. मृगाच्या पावसात खांड पडल्यावर सभा भरवून उपयोग होत नाही.