पाट्याची कोयती आणि तिची पावती

(तालुका शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेले बोलणे. बोलले तसे लिहून घेतले आहे.)



काल रात्री जमिनीच्या केसेसवर बोलणं झालं. आज आम्हाला कोयती कशी करायची ते सांगायला उभं केलंय. मागं काही जण हसतायत. हसा. पण आमच्या पाड्यावरून एका दिवसात सात कोयते गेले तेव्हा कुणी हसलं नव्हतं. राबाची तोड चालू होती. गार्ड आला, बाप्यांच्या आकडीतले कोयते काढून घेतले, बायांच्या हातातले घेतले, गाडीत टाकले नि गेला. पंचनामा नाही, पावती नाही. पुढं राब अर्धा राहिला. बायांनी कितीतरी दिवस फाटी हातानं मोडून आणली. बाजारातून नवा कोयता घ्यायचा तर दुकानदाराकडं उसनवारी, आणि ती भातावर फेडायची.

तेव्हा ठरवलं की कोयती आपणच करायची. बाजारात बसणारा म्हातारा लोहार आहे, त्याची पोरं कंपनीत गेली, भाता ओढायला माणूस नाही. आमची चार पोरं भात्यावर बसली आणि तो शिकवत गेला. पैसे घेतले नाहीत, तांदूळ घेतले.

पहिली गोष्ट लोखंडाची. सगळं लोखंड सारखं नसतं. घर बांधायच्या सळईची आम्ही एक केली, दिसायला छान झाली, पण करवंदीच्या जाळीवर दोन घाव घातले की धार दुमडायची. सळई मऊच राहते, तिला पाणी कितीही द्या. आपल्याला हवा गाडीच्या कमानीचा पाटा. हायवेवर कमानी दुरुस्त करणारे आणि भंगारवाले बसतात, तिथं तुटका पाटा किलोवर मिळतो. ट्रकचा जाड असतो, ठोकून ठोकून खांदा उतरतो. जीपचा घ्या, साधारण पाव इंच जाडीचा. ओळखायचं कसं? सहाणेवर धरा. सळईच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. पाट्याच्या ठिणग्या टोकाला फुटतात, फुलबाजीसारख्या.

जुना पाटा वजन वाहून वाहून आतून चिरलेला असू शकतो. वरून दिसत नाही. रॉकेल लावा, थोड्या वेळानं कोरडा पुसा, वर चुना फासा. चीर असली तर आत शिरलेलं रॉकेल चुन्यावर रेघ काढून दाखवतं. मधल्या बोल्टच्या भोकाजवळ तर नक्की बघा. आम्ही बघितलं नव्हतं, एक पातं अर्ध्या कामात दोन तुकडे झालं.

पाटा लाल करून राखेत पुरून रात्रभर ठेवला की मऊ येतो, छिन्नीनं कापता येतो. एक वीत पातं आणि मुठीत जायला चार बोटं शेपूट. मग घडवणं. लालकेशरी असेल तोवर ठोका. काळपट झाला की घण थांबवा, परत भट्टीत. थंडावर ठोकलेलं पातं पुढं फुटतं. आणि फार तापवूही नका. भात्याच्या नादात पात्यातून पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या की ते जळालं, तेवढा भाग कापून टाकायचा, दुसरा इलाज नाही. धार आत्ताच पातळ करायची नाही, रुपयाच्या नाण्याएवढी जाड ठेवायची. घडवून झालं की तीनदा लाल करून वाऱ्यावर नुसतं गार होऊ द्यायचं. पोरांना हे वाया गेलेलं काम वाटतं, पण ठोकून आलेला ताण त्यानं जातो, नाहीतर पाणी देताना पातं वाकडं होतं.

इथंच, पातं मऊ असताना, छिन्नीनं खूण मारायची. पाड्याची खूण आणि नंबर. पाठीच्या बाजूला, धारेजवळ नाही. पाणी दिल्यावर खूण मारायला गेलात तर पातं तडकेल. या खुणेकडं परत येतो.

आता पाणी देणं. नाव पाण्याचं, पण पाट्याला पाणी चालत नाही. आमची पहिली कोयती बादलीत बुडवली, तड असा आवाज झाला, धारेत आडवी चीर. तेल पाहिजे. करंजाचं चालतं. तापलेला तुकडा आधी तेलात बुडवून तेल कोमट करून घ्या. हे काम संध्याकाळी करायचं, उन्हात लाल रंग ओळखू येत नाही. किती तापवायचं? फुटक्या रेडिओच्या स्पीकरात लोहचुंबक असतो, तो तारेला बांधा. पातं चुंबकाला धरेनासं झालं की अजून थोडं तापवा आणि धारेकडून तेलात उभं बुडवा. तेल पेटतं, म्हणून पेंढ्याच्या छपराखाली हे करायचं नाही आणि डब्याचं झाकण हाताशी ठेवायचं.

तेलातून काढलेलं पातं काचेसारखं असतं. हातातून दगडावर पडलं तर मोडेल. म्हणून त्याला थोडं उतरवायचं. एक बाजू विटेनं घासून चकचकीत करा. जाड लोखंड लालभडक करून त्यावर पात्याची पाठ टेकवा. रंग पाठीकडून धारेकडं सरकतो, आधी पेंढ्यासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. पाठ निळी आणि धार तांबूस-जांभळी झाली की लगेच पाण्यात. रंग बघत असताना कुणाशी बोलायचं नाही, म्हातारा फार ओरडतो. मग सहाणेवर धार, आणि वाळलेल्या बांबूच्या पेरावर घाव घालून बघायचं. दुमडली तर मऊ राहिली, टवका उडाला तर कडक राहिली. दोन्हीत परत भट्टी.

मूठ तिवसाची किंवा धामणीची, तोंडाला शेंबी, आत राळ. सागाची करू नका. कोयती सुटेल आणि मुठीची केस लागेल.

आता खुणेचं. 1927 च्या वन कायद्यात 52 कलम आहे. गुन्हा झाला असं वाटलं तर अवजारं जप्त करता येतात, हे खरं आहे. पण त्याच कलमात जप्त केलेल्या वस्तूवर खूण करायची आणि मॅजिस्ट्रेटला रिपोर्ट करायचा असंही लिहिलंय. कागदाशिवाय नेली तर ती जप्ती कसली? नंबर असलेली कोयती कागदावर लिहिता येते, नंतर मागता येते. कागदावर 'शेतीचे अवजार' लिहायला लावा, 'हत्यार' लिहू देऊ नका. आणि त्या कागदावर तारीख, जागा, कसणाऱ्याचं नाव येतं. पूर्वी 31 मार्च 1978 च्या आधीपासून प्लॉट कसतो हे सांगायला लागायचं, तेव्हा आपल्या म्हाताऱ्यांनी जपलेल्या दंडाच्या पावत्याच कामाला आल्या ना? आजची पावती 78 च्या आधीचं काही सांगणार नाही. पण कसणं तुटलं नाही एवढं सांगते.

यंदा गार्ड परत आला. तीन कोयत्या घेतल्या. बाया वाटेत बसल्या आणि म्हणाल्या, नंबर वाचा, लिहा, अंगठा घ्या, मग न्या. दोन लिहून दिल्या, तिसरी परत टाकली. आधीचे सात अजून आलेले नाहीत. त्यांच्यावर नंबर नव्हता, आता ते कुणाचे म्हणून सांगणार?

एक मात्र लक्षात ठेवा. मोर्चाला कोयती आणायची नाही. 37 कलम लागलेलं असतं, त्यांना तेवढंच निमित्त पुरतं. आकडी घरी ठेवून या.

पुढची भट्टी अमावस्येनंतरच्या बाजाराच्या दिवशी, आमच्या पाड्यावर. पाटा असेल तर रॉकेल-चुना लावून बघूनच आणा. कोळसा आमच्याकडं आहे, तेल कमी आहे. नंबराची वही बायांच्या गटाकडं आहे, आल्याबरोबर तिथं नाव लिहा.