पेटीवरचा अंगठा



तार षड्ज धरून सप्तकाचे स्वर आठ आणि हाताची बोटे पाच. पेटी शिकणाऱ्याची अर्धी अडचण या हिशेबात आहे. पंचमापर्यंत पाच बोटे पाच पट्ट्यांवर सुखाने बसतात. धैवतासाठी नवखा हात उचलून पुढे टाकतो आणि तिथेच सूर तुटतो. पट्टी सुटली की पेटीचा सूर संपला. ती फट श्रोत्याला कळते. गाणाऱ्याच्या तर श्वासालाच ती अडते.

उपाय अंगठ्यापाशी आहे. पांढरी एकमध्ये सा, रे, ग हे अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने घ्यावेत. गंधार वाजत असतानाच अंगठा तळहाताखालून सरकून मध्यमाच्या पट्टीवर पोचलेला असावा. मग पंचमापासून तार षड्जापर्यंतचे चार स्वर उरलेल्या चार बोटांत येतात. उतरताना अंगठ्यावरून मधले बोट गंधारावर उतरते. कोपर उडवायचे नाही. भूपात मध्यम नाही, तेव्हा अंगठ्याने थेट पंचम गाठायचा. काळी एकची नवख्यांना उगाच धास्ती वाटते. तिथे बिलावलचे गंधार आणि निषाद एवढेच पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, आणि अंगठ्याची जागा तीच. षड्ज तर्जनीकडे जातो. उंच काळ्या पट्ट्यांखालून अंगठा अधिकच सहज सरकतो.

ही युक्ती युरोपातही एके काळी नवी होती. थोरले वादक अंगठा केवळ लांबचे अंतर गाठण्यापुरता वापरीत, असे वडिलांकडून ऐकल्याचे कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांनी १७५३ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. हे वडील म्हणजे योहान सेबास्टियन बाख.

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती तीन दशके टिकली. पेटीतून मींड निघत नाही, हा एक मोठा आक्षेप होता. तो खराच आहे. कोणतेही बोट ती काढू शकत नाही. परंतु दोन स्वरांमधली फट बुजवणे बोटांच्या हाती आहे, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला मैफलीत जे स्थान मिळवून दिले, ते या तयारीविना अशक्य होते.

म्हणून घरातले मूल भाता एकसारखा ठेवून ग-म-ग एवढेच अर्धा तास घोटत बसले, तर पालकांनी ‘गाणे कधी वाजवणार?’ असे विचारू नये. गाण्याचीच तयारी चाललेली असते.